मडके वाजवून घ्यावे, चार्जर वाचून घ्यावा

मंडळी, मडके विकत घेताना आपण काय करतो? बोटाने ते वाजवून पाहतो. टणटण आवाज आला, तर मडके पक्के. बद्द आवाज आला, तर कुठेतरी चीर गेली आहे. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो. ज्वारी घेताना चार दाणे दाताखाली धरतो. ही पारख आपण आपल्या वडीलधाऱ्यांकडून शिकलो.

आता आपल्या घरांत नव्या वस्तू आल्या आहेत. मोबाइल आला. त्याच्यामागून चार्जर आला, वायर आली, पॉवर बँक आली. गाणी आणि फोटो साठवायला मेमरी कार्ड आले. या वस्तूंना दात नाहीत. त्या वाजवून काही कळत नाही. मग त्या पारखायच्या कशा?

त्या वाचून पारखायच्या. आणि घरी नेल्यावर थोडी परीक्षा घ्यायची. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. ते वाचन बाजारात कसे कामाला येते, ते या धड्यात पाहू.

आक्कांचा चार्जर

गावात एक आक्का आहेत. वय पंचावन्न. सारा गाव त्यांना आक्काच म्हणतो. लहानपणी त्या शाळेत गेल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या वर्गात लिहायवाचायला शिकल्या. आता त्या बचत गटाच्या अध्यक्ष आहेत. गटात अकरा बाया आहेत. गटाचा हिशेब आक्काच लिहितात. बँकेचे निरोपही त्यांच्याच मोबाइलवर येतात. म्हणून मोबाइल बंद पडून चालत नाही.

एकदा त्यांचा चार्जर बिघडला. हल्ली काही कंपन्या नव्या फोनच्या खोक्यात चार्जर देतही नाहीत. तो वेगळा विकत घ्यावा लागतो. आक्का आठवड्याच्या बाजाराला गेल्या. कांद्याच्या ढिगाशेजारी एका पोराने ताडपत्री अंथरली होती. तिच्यावर चार्जर, वायरी, कानात घालायचे इअरफोन यांचा ढीग होता.

"कोणता बी घ्या, साठ रुपये! कोणता बी घ्या!" पोरगा ओरडत होता.

चार्जर पांढराशुभ्र होता. आत निळा दिवा लागत होता. आक्कांनी तो घेतला. पावती कुठली? पोराने पैसे घेतले आणि चार्जर पिशवीत टाकला.

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. चार्जर लावला, की फोनची काच वेड्यासारखी वागे. बोट लावावे एका ठिकाणी, उघडावे भलतेच. पुढे एके दिवशी सूनबाई भांडी घासून आल्या. हात ओले होते. चार्जिंगला लावलेला फोन उचलला, तर हाताला झिणझिण्या आल्या. "असंल काहीतरी," असे म्हणून त्यांनी सोडून दिले.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री घरात करपट वास सुटला. आक्का उठून बसल्या. भिंतीवरच्या बोर्डातून धूर येत होता. चार वर्षांची नात त्याच भिंतीशी झोपली होती. फोन तिच्या उशाशी होता.

सूनबाईंनी डोके शांत ठेवले. त्यांनी चार्जरला हात लावला नाही. आधी पोरीला बाजूला ओढले. मग मेन स्विच बंद केला. उजाडल्यावर पाहिले, तर चार्जर काळा पडला होता. बोर्डाची भोके वितळली होती.

पोरगी वाचली. पण त्या रात्रीनंतर आक्कांना नीट झोप लागेना. "साठ रुपयांपायी काय झालं असतं!" असे त्या म्हणत.

पाच आणि दोनशे तीस

आक्कांच्या लेकीचा मुलगा तालुक्याला असतो. त्याने आयटीआयमध्ये तारतंत्रीचे शिक्षण घेतले आहे. म्हणजे वायरमनचे. तो रविवारी आला. येताना एक बिघडलेला, पण चांगल्या बनावटीचा चार्जर घेऊन आला. ओसरीवर गोणपाट पसरून त्याने दोन्ही चार्जर फोडले. आक्का, सूनबाई आणि शेजारचे तात्या भोवती बसले.

नातू म्हणाला, "आजी, आपल्या घरात जी वीज येते, ती 230 व्होल्टची. फोनला साधारण 5 व्होल्ट लागतात. 230 चे 5 करायचे, हे चार्जरचं काम. चार्जरच्या पोटात एका बाजूला 230 चं रान आहे, दुसऱ्या बाजूला 5 चं. मधे काय पाहिजे?"

तात्या म्हणाले, "दोन रानांच्या मधी बांध पाहिजे."

"बरोबर! आता हा चांगला चार्जर बघा. दोन बाजूंच्या मधे कशी रुंद मोकळी जागा सोडली आहे. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्तच असेल. मधे पट्टीत चीरही पाडली आहे. ह्या तांब्याच्या तारांच्या गुंडाळीवर पिवळी चिकटपट्टी किती वेढे दिली आहे बघा. हा झाला बांध. 230 चं पाणी इकडं फुटून येऊ नये म्हणून."

मग त्याने साठ रुपयांचा चार्जर पुढे केला. आत चारदोन सुटे भाग होते. दोन बाजूंच्या मध्ये जेमतेम केसाएवढी फट होती. पिवळी पट्टी नव्हतीच.

"ह्याला बांधच नाही," नातू म्हणाला. "ओल धरली, ऊन झालं, की 230 व्होल्ट सरळ वायरीत. वायरीतून फोनमधे. आणि फोन माणसाच्या हातात. मामीला झिणझिण्या आल्या, त्या ह्याच्यामुळं. आणि काच वेड्यासारखी वागायची, कारण ह्यातून निघणारी वीज सरळ नाही. ती लाटा मारते. फोनला बोट कुठं लागलं, ते कळेनासं होतं."

सूनबाईंच्या अंगावर काटा आला.

हा काही एकट्या आक्कांचा प्रकार नव्हे. 2016 साली ब्रिटनमधल्या व्यापार-मानक अधिकाऱ्यांच्या संस्थेने 400 बनावट चार्जर तपासून घेतले. एका नामांकित कंपनीचे म्हणून ते विकले जात होते. ते आठ देशांतून मागवले होते. शॉकपासून बचाव होण्याइतका पक्का बांध त्यांपैकी किती चार्जरांत निघाला? फक्त तिघांत. आणि बाहेरून सगळे चार्जर खऱ्यासारखेच दिसत होते.

म्हणून रंगावर जाऊ नका. दिव्यावर जाऊ नका. बांध आत असतो. तो बाहेरून दिसत नाही. मग तो आहे की नाही, हे दुकानात उभे राहून कसे ओळखायचे?

पाठीवरचे लिखाण

चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरे असतात. ती इंग्रजी असतात. पण भिण्याचे कारण नाही. आकडे तेच असतात, जे फोनच्या बटणांवर असतात. अक्षरे थोडीच ओळखायची आहेत.

नरसाळ्यासारखे दिसते, ते अक्षर "व्ही". व्ही म्हणजे व्होल्ट. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर. व्होल्ट म्हणजे तो जोर.

दोन पायांची शिडी आणि मध्ये एक पायरी, ते अक्षर "ए". ए म्हणजे अँपिअर. नळातून किती पाणी वाहते, ते अँपिअर सांगतो.

दोन नरसाळी शेजारी शेजारी जोडली, की "डब्ल्यू". म्हणजे वॅट. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला, की वॅट येतात. 5 व्होल्ट आणि 2 अँपिअर असतील, तर पाच दुणे दहा. चार्जर 10 वॅटचा.

आता सर्वांत महत्त्वाचे अक्षर. उभा खांब, त्याला वर पोट, खाली एक तिरका पाय. हे अक्षर "आर". चार्जरवर हे अक्षर शोधा. त्याच्यापुढे आडवी रेघ आणि मग आठ आकडे असतात. हा झाला नोंदणी नंबर.

हा नंबर कोण देते? भारतीय मानक ब्यूरो ही सरकारी संस्था देते. मालाचा दर्जा ठरवणे हे तिचे काम. केंद्र सरकारने 2012 साली एक आदेश काढला. काही इलेक्ट्रॉनिक वस्तू प्रयोगशाळेत तपासून, नोंदणी करूनच विकायच्या, असे त्यात ठरले. पुढे ती यादी वाढत गेली. आज त्या यादीत मोबाइल आहेत, त्यांचे चार्जर आहेत आणि पॉवर बँकाही आहेत. नोंदणी नंबर नसलेला मोबाइलचा चार्जर विकणे हा कायद्याचा भंग आहे.

पण नातवाने आणखी एक गोष्ट सांगितली. "आजी, चोर लोक दुसऱ्याचा नंबरही छापतात. म्हणून नंबर नुसता बघून थांबायचं नाही. तो तपासायचा."

मानक ब्यूरोचे "बीआयएस केअर" नावाचे ॲप आहे. ते फुकट मिळते. त्यात आर नंबर घातला, की नोंदणी कोणाची, कारखाना कुठला, वस्तू कोणती, हे दिसते. चार्जरवरचे नाव आणि ॲपमधले नाव जुळले पाहिजे. वस्तूही तीच पाहिजे. नंबर दिव्याचा आणि वस्तू चार्जर, असे निघाले, तर तो माल खोटा. ॲप वापरता येत नसेल, तर घरातल्या शाळकरी मुलाची मदत घ्या.

काही चार्जरांवर "सी" आणि "ई" अशी दोन अक्षरे असतात. दुकानदार म्हणतो, "हे बघा, सरकारी शिक्का!" ते खरे नाही. ते चिन्ह युरोपातल्या बाजारासाठी आहे. आपल्या देशातल्या नोंदणीचा तो पुरावा नव्हे.

कंपनीचे नावही अक्षर न् अक्षर वाचा. नामांकित नावातले एक अक्षर बदलून माल विकायची जुनी युक्ती आहे. जो घाईने वाचतो, तो फसतो.

तासाभराची परीक्षा

नंबर जुळला, म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले काम घरी करायचे. नातवाने ते सर्वांसमोर करून दाखवले.

त्याने दोन चार्जर आणले होते. एक 120 रुपयांचा, आर नंबर नसलेला. दुसरा 300 रुपयांचा, नंबर असलेला. दोन्हींवर 2 अँपिअर असेच छापले होते. फोन तोच. वायर तीच. फक्त चार्जर बदलायचा. असे केले, म्हणजे फरक कशामुळे पडला ते नक्की कळते.

पहिला चार्जर एक तास लावला. फोनची बॅटरी 20 टक्के होती, ती 34 झाली. म्हणजे 14 टक्के वाढली. मग फोन वापरून बॅटरी पुन्हा 20 वर आणली. दुसरा चार्जर एक तास लावला. बॅटरी 55 झाली. म्हणजे 35 टक्के वाढली.

"पाठीवर दोघांच्या 2 अँपिअर," आक्का म्हणाल्या. "पण एकाची जीभ खोटी!"

नातवाने मग हाताने स्पर्श करून पाहायला सांगितले. अर्थात कोरड्या हाताने. चांगला चार्जर कोमट होतो. त्यावर हात ठेवता येतो. ज्यावर हात ठेवता येत नाही, तो चार्जर लगेच बंद करावा.

फोन हळू भरत असेल, तर दोष नेहमी चार्जरचाच असतो असे नाही. वायरही पाहावी. अरुंद पाटातून पाणी कमी वाहते. वायरीच्या आतल्या तारा बारीक असल्या, तर वीज कमी पोचते. आधी वायर बदलून पाहा. मग चार्जर बदलून पाहा. दोन्ही एकदम बदलू नका. नाहीतर दोष कोणाचा, ते कळणार नाही.

टोकाशी तुटलेली, तांबे दिसत असलेली वायर चिकटपट्टी लावून चालवू नका. ती टाकून द्या.

घागर आणि पॉवर बँक

ज्या गावात लाईट जाते, तिथे पॉवर बँक उपयोगी पडते. ती विजेची घागर आहे. पण ह्या घागरीचे माप नीट समजून घ्या.

तिच्यावर 10000 असा मोठा आकडा असतो. त्यापुढे "एमएएच" असते. आक्कांच्या फोनच्या बॅटरीवर 5000 होते. मग अशा पॉवर बँकेने फोन दोनदा भरेल ना?

नाही भरत. साधारण दीड वेळा भरतो. विहिरीवरून घागर आणताना थोडे पाणी हिंदकळून सांडते. तसेच इथे होते. पॉवर बँकेतल्या बॅटरीचा जोर 3.7 व्होल्टच्या आसपास असतो. तो वाढवून 5 करावा लागतो. त्यात आकडा कमी होतो. काही वीज उष्णता होऊन जाते. हा खोटेपणा नाही. हा विजेचा नियम आहे.

प्रामाणिक कंपन्या मोठ्या आकड्याबरोबर एक लहान आकडाही छापतात. प्रत्यक्ष हाती किती पडेल, ते तो सांगतो. 10000 च्या पॉवर बँकेवर तो 6000 च्या आसपास असतो. असा दुसरा आकडा दिसला, तर ते चांगले लक्षण समजा.

पण तळहाताएवढ्या वस्तूवर 50000 छापले असेल आणि किंमत चारशे रुपये असेल, तर ती थाप आहे. एवढी वीज एवढ्याशा जागेत मावत नाही. वजनावरही जाऊ नका. काही खोट्या पॉवर बँकांत वजनासाठी वाळू भरलेली सापडली आहे.

पॉवर बँक फुगली, तर ती वापरू नका. तिला टोचू नका. चुलीत टाकू नका. तिच्यातली बॅटरी पेट घेते. ती ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

तात्यांची कणगी

हे ऐकता ऐकता तात्या गप्प झाले होते. आक्का म्हणाल्या, "तात्या, काय झालं वो?"

तात्यांनी खिशातून एक मेमरी कार्ड काढले. नखाएवढे. त्यावर 512 लिहिले होते.

तात्यांचे वडील भजनी मंडळात पुढे उभे राहून अभंग म्हणत. गेल्या वर्षी ते वारले. त्यांचे वीसेक अभंग तात्यांच्या फोनमध्ये होते. ते सुरक्षित राहावेत म्हणून तात्यांनी जत्रेत दोनशे रुपयांना हे कार्ड घेतले. अभंग त्यात उतरवले. फोनमधले पुसून टाकले. पुढे लग्नकार्याचे व्हिडिओ त्यात भरत गेले. आता अभंगांची नावे दिसतात. पण एकही लागत नाही.

नातवाने कार्ड आपल्या फोनमध्ये घालून पाहिले. बराच वेळ खटपट केली. मग मान हलवली.

"तात्या, ही कणगी खरी 16 ची आहे. वर 512 लिहिलं आहे. आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलं आहे. फोननं विचारलं, की जागा किती? ती म्हणते, 512. फोन बिचारा भरत जातो. 16 भरले, की पुढचा माल जुन्या मालावर पडतो. जुना माल नासतो. नाव राहतं, दाणा जातो."

तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी कार्ड परत खिशात ठेवले.

मंडळी, चार्जर जळला तर दुसरा मिळतो. तात्यांच्या वडिलांचा आवाज दुसरा मिळत नाही. म्हणून दोन गोष्टी करा.

पहिली गोष्ट. कार्ड किंवा पेन ड्राइव्ह नवा घेतला, की त्याच दिवशी त्याची परीक्षा घ्या. त्यात मोलाचे काही ठेवू नका. आधी बिनकामाचे व्हिडिओ भरा. पुनःपुन्हा भरा. कार्ड जवळजवळ भरू द्या. मग पहिला व्हिडिओ लावा, मधला लावा, शेवटचा लावा. तिन्ही नीट चालले, तर कणगी खरी. एकही अडला, तर कार्ड परत करा. यात वेळ जातो. जाऊ द्या.

दुसरी गोष्ट. मोलाची वस्तू दोन ठिकाणी ठेवा. एक फोनमध्ये, एक बाहेर. बियाणे आपण एकाच मडक्यात ठेवत नाही.

पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

आक्कांनी वही काढली आणि वर्षाचा हिशेब मांडला. साठ रुपयांचे चार चार्जर, म्हणजे 240 रुपये. जळालेला बोर्ड बदलायला 150 रुपये. फोनच्या चार्जिंगची जागा खराब झाली, ती दुरुस्त करायला 350 रुपये. एकूण 740 रुपये. आणि चांगला चार्जर 300 रुपयांचा.

"चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला," आक्का म्हणाल्या.

पण याचा अर्थ सगळे महागच घ्यावे, असा नाही. महाग ते चांगले, हेही खरे नाही. नातवाने एक सोपी खूण सांगितली.

जी वस्तू भिंतीच्या बोर्डाला लागते, ती पारखून घ्या. जिच्यात बॅटरी असते, ती पारखून घ्या. जिच्यात मोलाची माहिती ठेवायची, तीही पारखून घ्या. तिथे शंभर रुपये वाचवायला जाऊ नका. तिथे चूक झाली, तर घर जाते, माणूस जातो, आठवण जाते.

बाकीच्या वस्तूंत खुशाल काटकसर करा. फोनचे कव्हर, फोन उभा ठेवायचा स्टँड, वायरीचे साधे इअरफोन यांवर जास्त खर्च नको. मुलीच्या कॉलेजच्या कॉम्प्युटरला वायरीचा साधा माउस चालतो. तो बिघडला, तर फक्त पैसे जातात. अशा वस्तू पाच मिनिटे वापरून पाहाव्यात आणि घ्याव्यात. इअरफोन दोन्ही कानांत वाजतो का? माउसची दोन्ही बटणे आणि मधले चाक चालते का? एवढे पुरे.

पावती

आता कायद्याच्या चार गोष्टी.

खोक्यात बंद केलेल्या मालावर काही मजकूर असलाच पाहिजे. बनवणाऱ्याचे किंवा बाहेरदेशातून आणणाऱ्याचे नाव आणि पत्ता. महिना आणि वर्ष. तक्रारीसाठी फोन नंबर. बाहेरदेशचा माल असेल, तर कोणत्या देशाचा ते. आणि कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी. तिच्यात सगळे कर आलेले असतात. दुकानदार तिच्यापेक्षा कमी घेऊ शकतो. जास्त घेऊ शकत नाही.

पावती मागा. पुष्कळ लोक मागत नाहीत. "ओळखीचा माणूस आहे, पावती काय मागायची?" असे म्हणतात. पण वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेली हमी. तिची मुदत पावतीच्या तारखेपासून मोजतात. पावती नसेल, तर हमी कागदावरच राहते.

दुकानात पाटी असते, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." ही पाटी वाचून गप्प बसू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत परत न घेणे, हीही तशीच प्रथा आहे. पावतीवर मुदत लिहिली नसेल, तर ती 30 दिवस धरतात.

दुकानदार ऐकत नसेल, तर 1915 या नंबरावर फोन करा. हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन फुकट आहे. मराठीत बोलता येते. तिथेही काम झाले नाही, तर जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या मालाला फी पडत नाही.

बाजाराचा दिवस

पुढच्या बाजाराला आक्का पुन्हा त्या ताडपत्रीपाशी गेल्या. जळका चार्जर त्यांनी समोर ठेवला. भोवती चार माणसे जमली. पोरगा घाबरला.

आक्का म्हणाल्या, "भांडायला नाही आले, बाबा. माझी नात थोडक्यात वाचली, ते सांगायला आले. ह्याच्यावर आर नंबर कुठं आहे, दाखव."

पोराने चार्जर उलटासुलटा करून पाहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "आक्का, मला न्हाई ठावं. मी शहरातनं किलोवर माल आणतो. त्यावर काय लिवलंय, ते मला बी वाचता येत न्हाई."

आक्कांचा राग अर्धा उतरला. त्यांना आपले जुने दिवस आठवले. त्यांनी त्याला अक्षर दाखवले. उभा खांब, वर पोट, खाली तिरका पाय. पुढे आठ आकडे.

"असा माल महाग पडतो, आक्का. इथं कोण घेणार?"

"आमच्या गटात अकरा बाया आहेत. अकरा घरांत अकरा चार्जर लागतात. पावती दिलीस, तर आम्ही घेऊ. बाकीच्यांनाही सांगू. पण हा साठ रुपयांचा माल तू विकू नकोस. कुणाचं तरी पोर त्याच्याशेजारी झोपतं."

पोराने साठ रुपये परत केले. त्या दिवशी त्याने ढीग मात्र उचलला नाही. त्याचेही पैसे त्यात अडकले होते.

पुढच्या आठवड्यात त्याने नंबर असलेले चार चार्जर आणले. आक्कांनी सूनबाईंच्या फोनवर चारही नंबर घालून पाहिले. तीन जुळले. चौथा नंबर भलत्याच कंपनीचा निघाला. पोरानेच तो बाजूला काढला आणि म्हणाला, "हा मी माघारी देतो. मला बी फसवलं की!"

तीन चार्जर घेतले गेले. तीन पावत्या झाल्या. पोराला लिहिता येत नव्हते. म्हणून पावत्या आक्कांनी लिहिल्या आणि पोराने खाली अंगठा उठवला.

उठताना आक्का त्याला म्हणाल्या, "रात्री आठला आमचा वर्ग भरतो. येत जा."

लक्षात ठेवा

1. चार्जर आणि पॉवर बँक यांवर आर अक्षर आणि आठ आकडे शोधा. नंबर ॲपमध्ये तपासा.
2. कंपनीचे नाव अक्षर न् अक्षर वाचा.
3. चार्जर फार तापला, वास आला, झिणझिण्या आल्या, तर तो वापरू नका. आधी बटण किंवा मेन स्विच बंद करा. मग हात लावा.
4. चार्जिंगला लावलेला फोन उशाखाली किंवा अंथरुणात ठेवू नका. ओल्या हाताने त्याला शिवू नका.
5. नवे मेमरी कार्ड भरून, लावून पाहिल्याशिवाय त्यात मोलाचे काही ठेवू नका.
6. पावती घ्या आणि जपून ठेवा.

शब्दांचे अर्थ

नोंदणी – सरकारी दप्तरात नाव आणि नंबर लिहून घेणे.
मानक – मालाच्या दर्जाचे ठरवून दिलेले माप.
अनुचित – योग्य नसलेले.
कणगी – धान्य साठवायचे मोठे टोपले.
वॉरंटी – माल ठराविक मुदतीत बिघडला, तर दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची हमी.

प्रश्न

1. आक्कांच्या घरी चार्जरने कोणत्या तीन खुणा दाखवल्या होत्या?
2. चार्जरच्या पोटातल्या "बांधा"चे काम काय?
3. 5 व्होल्ट आणि 3 अँपिअरचा चार्जर किती वॅटचा?
4. तात्यांचे अभंग कशामुळे गेले? ते कसे वाचले असते?
5. दुकानदाराने पावती दिली नाही, तर तुम्ही काय कराल?

करून पाहा

आज घरी गेल्यावर आपला चार्जर भिंतीतून काढा. उजेडात धरा. त्याच्या पाठीवरचे आकडे वहीत उतरवा. आर नंबर सापडला, तर उद्या वर्गात आणा. नाही सापडला, तर तेही वहीत लिहा, आणि तो चार्जर पुन्हा लावण्यापूर्वी विचार करा.